कव्हरवरचं नाव राहू द्या, बास कोण वाजवतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि ‘टाइम आउट’ हे जॅझचे दोन गाजलेले अल्बम ऐकून ऐकून पाठ झालेत, ‘मरण्यापूर्वी ऐकायलाच हवेत’ छापाच्या याद्या उघडल्या की काही सुचेनासं होतं, तर जॅझ ऐकणारी मुरलेली माणसं हल्ली नेमकं काय ऐकतायत आणि पुढचा अल्बम निवडतात तरी कसा?

मी डबल बास वाजवते आणि शिकवते. त्यामुळे हे उत्तर एकतर्फी असणार, हे गृहीत धरूनच वाचा. पण निवडीची माझी पद्धत बास न वाजवणाऱ्यालाही उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

याद्या सगळ्या कव्हरवरच्या नावावरून बनतात. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसचा अमुक, सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचा तमुक. जॅझमध्ये मात्र अल्बम एकाच्या नावावर असतो आणि तो घडवलेला असतो चार-पाच जणांनी. त्यात १९५० आणि ६० च्या दशकांतल्या न्यूयॉर्कमध्ये तीच ती माणसं एकमेकांच्या सेशनला जात. आज जो स्वतःच्या नावाने रेकॉर्ड करतोय तोच चार दिवसांनी दुसऱ्याच्या मागे उभा. म्हणून एखादा अल्बम आवडला की त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली वादकांची यादी वाचायची, आणि त्यातला सर्वांत कमी मिरवणारा माणूस धरून पुढे निघायचं. ट्रंपेट किंवा सॅक्सोफोनवाल्याच्या मागे गेलात तर एकाच माणसाचे अल्बम ओळीने ऐकाल. बासवाल्याच्या किंवा ड्रमरच्या मागे गेलात तर तो तुम्हाला दहा वेगवेगळ्या घरी घेऊन जाईल.

तुम्हाला ‘काइंड ऑफ ब्लू’ पाठ आहे ना? मग माइल्सच्या त्या अल्बमवरचा बासवाला पॉल चेंबर्स धरा. हल्ली मीही त्याच्याच मागे आहे.

पहिल्याच तुकड्यात, ‘सो व्हॉट’मध्ये, मुख्य सुरावट बास वाजवतो आणि पियानो व हॉर्न्स (ट्रंपेट, सॅक्सोफोन) फक्त दोन कॉर्ड्सचं, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या दोन जुड्यांचं, उत्तर देतात. हे तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. पण त्यानंतर ट्रंपेटचा सोलो सुरू झाला की आपलं लक्ष माइल्सकडे जातं आणि चेंबर्स कानाआड होतो. पुढच्या वेळी उलटं करा. माइल्सला मागे राहू द्या आणि चेंबर्सची चाल धरा. ३२ बारची चौकट आहे: १६ बार एका मोडवर, म्हणजे एका स्वरसप्तकावर, पुढचे ८ बार अर्धा स्वर वर, शेवटचे ८ पुन्हा खाली. प्रत्येक बारला चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. आपल्याकडे ताल ऐकायची सवय असलेल्यांना मोजणं जड नाही. अडचण वेगळीच होते. तबल्याचा ठेका आपल्याला सतत सांगत असतो की आपण आवर्तनात कुठे आहोत. जॅझमध्ये असा ठरलेला ठेका कुणीच धरत नाही. चौकट सगळ्यांच्या डोक्यात असते, आणि बासवाला त्याच चौकटीवर दर वेळी नवी ओळ रचत चालतो. ते आठ बार आले की तो वर सरकतो, ते पकडता आलं की तुमचं अर्धं काम झालं. मग सोलो घेणारा कुठे चौकटीवर रेलतोय आणि कुठे ती ओलांडतोय हे आपोआप ऐकू यायला लागतं.

हा अल्बम १९५९ मध्ये दोन दिवसांत झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. एलपीची पहिली बाजू मार्चमधली, दुसरी एप्रिलमधली. २२ एप्रिल हा चेंबर्सचा वाढदिवस. त्या दिवशी तो २४ वर्षांचा झाला. आणखी एक गंमत म्हणजे मार्चच्या सेशनला एक टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे जुन्या छापाच्या एलपींवर पहिल्या बाजूचा सूर थोडा चढा ऐकू येतो. जुन्या एलपीबरोबर वाजवायला बसलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी आपलंच वाद्य बिघडलंय असं समजून खुंट्या पिळल्या असतील. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये हे दुरुस्त झालं. आज तुम्ही जे ऐकता ते बहुधा दुरुस्त केलेलंच असतं.

आता चेंबर्सच्या मागोमाग ‘आर्ट पेपर मीट्स द रिदम सेक्शन’कडे या. सध्या माझ्याकडे सर्वांत जास्त वाजणारा अल्बम हाच. १९ जानेवारी १९५७, लॉस एंजेलिस. माइल्सचे तीन वादक, रेड गार्लंड पियानोवर, चेंबर्स बासवर आणि फिली जो जोन्स ड्रम्सवर, गावात आलेले. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅक्सोफोनवाल्या आर्ट पेपरला त्यांच्यासमोर उभं केलं गेलं. पेपरने नंतर सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: सेशन आहे हे त्याला त्याच दिवशी सकाळी कळलं, बरेच महिने सॅक्सोफोनला हात लावला नव्हता, वगैरे. गोष्ट झकास आहे, पण त्याआधीच्या काही आठवड्यांत त्याने दुसऱ्या कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलेलं आहे, तेव्हा ती चवीपुरतीच घ्यावी.

मी हा अल्बम सुचवते तो गोष्टीसाठी नाही, त्याच्या स्टिरिओसाठी. कंटेंपररी कंपनीचा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या ऑफिसातली रेकॉर्ड्सची पार्सलं ठेवायची खोली. तिथे रॉय ड्युनॅन या इंजिनिअरने पेपरचा सॅक्सोफोन एका बाजूला आणि तिघांचा ताफा दुसऱ्या बाजूला ठेवून ध्वनिमुद्रण केलं. म्हणजे हेडफोनचा एक कान काढला की पेपर जवळपास गायब होतो आणि उरतो जगातला एक अव्वल रिदम सेक्शन, म्हणजे पियानो, बास, ड्रम्सचा ताफा, त्या दुपारी जसा वाजला तसा. अख्खा अल्बम एकदा फक्त त्या कानाने ऐका. फिली जो कुठे गप्प बसतो, गार्लंडचा डावा हात कधी चेंबर्सच्या वाटेत येतो आणि कधी येत नाही, हे सगळं उघडं पडतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला गृहपाठ हाच देते. वाद्य न वाजवणाऱ्यांनीही करावा.

हेच तिघे माइल्सबरोबर ऐकायचे तर ‘रिलॅक्सिन’. प्रेस्टीज कंपनीशी झालेला करार उरकण्यासाठी माइल्सने १९५६ मध्ये, ११ मे आणि २६ ऑक्टोबर अशा दोन दिवसांत चार अल्बमांचा ऐवज वाजवून टाकला. त्या चारांतला हा मला सर्वांत लाडका. मध्येमध्ये स्टुडिओतलं बोलणं तसंच ठेवलंय. माइल्स खरखरीत आवाजात सांगतो की आधी वाजवतो, काय ते नंतर सांगतो, आणि सुरू होतो. चेंबर्स तेव्हा २१ वर्षांचा. त्याच्या चालीत एक गोष्ट मुद्दाम ऐका: प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला जवळजवळ भिडेपर्यंत तो लांबवतो. त्यामुळे ओळ तुटक ठोक्यांची न राहता सलग वाहते. ऐकायला सोपं वाटतं. जाड तारांवर, उंच ॲक्शनवर (म्हणजे तारा पट्टीपासून बऱ्याच वर असताना), मिनिटाला दोनशे मात्रांच्या वर हे करून बघितलंत की डाव्या हाताची बोटं दोन दिवस बोलत नाहीत.

‘ब्लू ट्रेन’ आणि ‘कूल स्ट्रटिन’ यांच्याबद्दल फार लिहीत नाही, ते कुठल्याही यादीत सापडतील. दोन्हीवर चेंबर्स आणि फिली जो आहेत, एक कोल्ट्रेनचा, १९५७ चा, दुसरा सॉनी क्लार्कचा, १९५८ चा. लागोपाठ ऐका. तीच जोडी, तोच इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर, न्यू जर्सीतली त्याची तीच बैठकीची खोली, आणि तरी दुसऱ्यात चाल जरा आळसावलेली. हा फरक क्लार्कमुळे आहे. पियानोवाला मागे रेलून वाजवायला लागला की बासलाही थोडं सैलावावं लागतं.

‘जायंट स्टेप्स’वर मात्र थांबायला हवं. हा अल्बम ऐकून दडपून गेलेले श्रोते मला नेहमी भेटतात, आणि दडपण येण्याचं कारण खरंच आहे. शीर्षक तुकड्यात कॉर्ड्स बहुतेक दोन-दोन मात्रांनी बदलतात, लय मिनिटाला २८० मात्रांच्या आसपास, आणि तीन दूरदूरच्या स्वरपट्ट्यांमध्ये उड्या चालू. कोल्ट्रेनने या कॉर्ड्सचा घरी कसून रियाज केला होता. पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन मात्र स्टुडिओत त्या वेगासमोर उभा राहिला, आणि त्याच्या सोलोत ते स्पष्ट ऐकू येतं. दोन वाक्यं बोलतो, अडखळतो, आणि शेवटी नुसत्या कॉर्ड्स ठेवत जातो. अनेकजण हे हसून सांगतात. मला त्या सोलोबद्दल माया आहे, कारण एक उत्तम वादक अनोळखी जमिनीवर एकेक पाऊल तपासत चाललाय, आणि तेही कायमचं ध्वनिमुद्रित होतंय. त्या वेळी चेंबर्सकडे कान द्या: तो उडी मारून काही दाखवायला जात नाही, कॉर्डचा मूळ स्वर जागच्या जागी ठेवतो. घसरणाऱ्याला धरायला तेवढंच लागतं.

आणि ही हकिकत इथे संपत नाही. फ्लॅनगनने १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या आठवणीत स्वतःच्या त्रिकुटाचा अल्बम केला, बासवर जॉर्ज म्राझ, ड्रम्सवर अल फॉस्टर, नाव ‘जायंट स्टेप्स’च. तिथे तो याच कॉर्ड्सवरून इतक्या सहज आणि सुरेल चालतो की मूळ अल्बम नव्याने ऐकावासा वाटतो. हे दोन अल्बम एकाच संध्याकाळी ऐकावेत. म्राझचा बास चेंबर्सपेक्षा जास्त गाणारा आहे, आणि ध्वनिमुद्रणातही जास्त पुढे आहे.

मूळ ‘जायंट स्टेप्स’वरचा ‘नाइमा’ हा संथ तुकडा वेगळ्या सेशनचा आहे, डिसेंबर १९५९ चा. तिथे पियानोवर विंटन केली आणि ड्रम्सवर जिमी कॉब आहेत. चेंबर्स बराच वेळ एकच स्वर धरून बसतो आणि वरच्या कॉर्ड्स त्या स्वराशी कधी गोड, कधी तिरक्या लागत जातात. बासवाल्याने काहीच न करण्याची ही उंची आहे. आणि हो, ‘मिस्टर पी. सी.’ म्हणजे पॉल चेंबर्स. कोल्ट्रेनने हा ब्लूज त्याच्याच नावाने बांधला.

केली, चेंबर्स आणि कॉब हे त्रिकूट माइल्सपासून वेगळं झाल्यावरही एकत्र राहिलं. १९६५ मध्ये गिटारवाला वेस माँटगोमेरी त्यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात वाजला, तो ‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’. अंगठ्याने तारा छेडणारा माँटगोमेरी आणि मागे हे तिघे. ‘नो ब्लूज’ सुरू झाला की घरातलं काम बाजूला ठेवावं लागतं. कॉबचा राइड सिंबल (लय धरणारी मोठी झांज) इथे ऐका, आणि मग ‘रिलॅक्सिन’मधला फिली जो आठवा. फिली जो सतत काहीतरी टोचत असतो, टोमणे मारतो; कॉब सरळ रस्ता करून देतो. चेंबर्स दोघांबरोबर वेगळा वाजतो. फिली जोबरोबर तो नांगर टाकल्यासारखा ठाम असतो, कॉबबरोबर थोडा पुढे झुकतो. चेंबर्स पुढे चार वर्षांनी, जानेवारी १९६९ मध्ये, क्षयाने गेला. वय ३३.

मध्येच एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण ‘मला बास ऐकूच येत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त येते. डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर असते आणि सर्वांत वरची ९८ च्या आसपास. फोनचा चिमुकला स्पीकर इतक्या खाली जातच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते फक्त वरचे उपस्वर आणि बोटाचा टपटप आवाज. साधे पण नीट बसणारे हेडफोन वापरा. महागडी सामग्री नको, आणि बास वाढवणारं बटण तर मुळीच नको, त्याने सगळा चिखल होतो. तुम्ही एलपी घ्यावी का असंही विचारलं होतं. हौस असेल तर घ्या. मी बरंचसं स्ट्रीमिंगवरच ऐकते, आणि तिथे वादकांची यादी धड सापडत नाही ही माझी कायमची चिडचिड आहे. यादीसाठी वेगळं शोधावं लागतं. ते करा, त्याशिवाय ही पद्धत चालणार नाही.

बास सुटा ऐकायचा दुसरा मार्ग म्हणजे पियानो नसलेले अल्बम. पियानो हा खोलीतला सर्वांत मोठा माणूस. तो बाहेर गेला की बाकीच्यांना हातपाय पसरता येतात. सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सचा ‘वे आउट वेस्ट’ इथे उत्तम. मार्च १९५७, पुन्हा तीच पार्सलांची खोली, तोच ड्युनॅन. बासवरचा रे ब्राउन आणि ड्रम्सवरचा शेली मॅन इतके कामात होते की सेशन पहाटे तीनला सुरू झालं. रोलिन्स गाई हाकणाऱ्यांच्या गाण्यांवर वाजवतो आणि मॅन घोड्याच्या टापा वाजवतो. म्हटलं तर चेष्टा आहे, पण रे ब्राउनचा एकेक स्वर टपोरा. चेंबर्सशी ताडून पाहा. ब्राउनचा स्वर जास्त गोल आणि जास्त वजनदार, तो मात्रेच्या मधोमध बसतो. इथेही एक कान काढण्याची युक्ती चालते.

पियानो नसलेला दुसरा अल्बम थोडा कडक आहे: सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’, २२ मे १९५९ चा. त्याच महिन्यात ‘जायंट स्टेप्स’चा बराच भाग रेकॉर्ड झाला आणि बासवाल्या चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह उम’ही. कोलमनच्या सोलोमागे कॉर्ड्सची ठरलेली चौकट नसते, त्यामुळे बासवरच्या चार्ली हेडनला काय वाजवायचं हे दर क्षणी कानाने ठरवावं लागतं. तो कोलमनच्या सुरावटीला खालून आधार देतो, कधी तिच्या पुढे जाऊन वाट सुचवतो. ‘लोनली वुमन’मध्ये बास आणि ड्रम्स एका लयीत, वरची सुरावट भलत्याच संथ. पहिल्यांदा ऐकताना दोन रेडिओ लागल्यासारखं वाटेल. तीनदा ऐका, मग ठरवा.

इथून एक दोरा असा सुटतो की मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. २१ डिसेंबर १९६० ला कोलमनने ‘फ्री जॅझ’ वाजवला. दोन चौकडी एकाच वेळी, एक स्टिरिओच्या डाव्या बाजूला, एक उजव्या. उजवीकडे हेडन, डावीकडे स्कॉट लाफारो, दोघे बासवाले, दोन स्वभाव. ३७ मिनिटांचा तो गदारोळ सगळ्यांना झेपणार नाही, पण दोन बास एकमेकांशी बोलतात तो भाग एवढ्यासाठी तरी ऐका: हेडन खाली, मोजकं, लाफारो वर, चपळ. उजवीकडच्या चौकडीत फुंकवाद्यांवर एरिक डॉल्फी आणि ट्रंपेटवर फ्रेडी हबर्ड होते. डॉल्फीने त्याच दिवशी व्हॅन गेल्डरकडे जाऊन स्वतःचा ‘फार क्राय’ही रेकॉर्ड केला, बासवर रॉन कार्टर, ड्रम्सवर रॉय हेन्स. आणि दोन महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १९६१ ला, डॉल्फी, हबर्ड आणि हेन्स पुन्हा व्हॅन गेल्डरच्या नव्या स्टुडिओत जमले, ऑलिव्हर नेल्सनच्या ‘द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रुथ’साठी. पियानोवर बिल एव्हान्स. बासवर? पॉल चेंबर्स. ‘स्टोलन मोमेंट्स’ हा तुकडा तुमच्या कानावरून कधीतरी गेला असेलच. तो ऐकताना डॉल्फी किती सभ्य वागतोय बघा. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस काय करत होता! कव्हरवरची नावं धरून चालणाऱ्याला ‘फ्री जॅझ’ आणि हा अल्बम दोन वेगळ्या जगांतले वाटतात. माणसं मात्र तीच आहेत.

लाफारोला पूर्ण ऐकायचं तर अर्थात बिल एव्हान्स. २५ जून १९६१ चा रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, दुपार आणि संध्याकाळ मिळून पाच बैठका. त्यातून ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हे दोन अल्बम निघाले. दहा-अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता. एव्हान्स त्यानंतर कित्येक महिने फारसा वाजलाच नाही. बहुतेक लोक ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ सुचवतात. मी ‘संडे’ आधी ऐका म्हणेन, कारण त्यातले तुकडे लाफारोला समोर ठेवून निवडलेले आहेत आणि पहिला, ‘ग्लोरियाज स्टेप’, त्याचीच रचना आहे. चेंबर्सनंतर लगेच हे ऐकलंत तर गडबडून जाल. चार मात्रांची चाल कुठे गेली? लाफारो ती सांगतच नाही. तो पियानोच्या वाक्यांमध्ये आपली वाक्यं घालतो आणि ड्रम्सवरचा पॉल मोशन ब्रशेसनी नुसती हवा हलती ठेवतो. मात्रा तिघांना माहीत आहे, म्हणून कुणीच वाजवत नाही. ग्लासांची किणकिण आणि लोकांचं हसणंही ध्वनिमुद्रणात आलंय. तिथे बसून गप्पा मारणाऱ्या त्या मंडळींचा मला अजून राग येतो.

लाफारोच्या चाहत्यांशी माझं एका बाबतीत पटत नाही. त्यांना वाटतं बास मोकळा झाला तो त्याच्यापासून. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला जिमी ब्लँटन १९४० मध्येच बासवर सोलो घेत होता, एलिंग्टनबरोबर पियानो-बासची युगलं वाजवत होता, आणि १९४२ मध्ये २३ व्या वर्षी तोही क्षयाने गेला. त्या युगलांचं ध्वनिमुद्रण जुनाट आहे, तरी ऐकाच.

एलिंग्टन आलाच आहे तर ‘मनी जंगल’. १७ सप्टेंबर १९६२. एलिंग्टन ६३ वर्षांचा, बासवर चार्ल्स मिंगस ४०, ड्रम्सवर मॅक्स रोच ३८. मिंगसने १९५३ मध्ये एलिंग्टनच्या बँडमध्ये काही दिवस काढले होते आणि मारामारी करून नोकरी घालवली होती. सेशनच्या मधेच तो बास उचलून चालू लागला आणि एलिंग्टनने गोड बोलून त्याला परत आणला, असं सांगतात. शीर्षक तुकडा ऐकला की ते सहज पटतं. मिंगस तार इतकी ओढतो की स्वर वाकडा होऊन ओरडतो. एकाच स्वरावर हट्ट धरून बसतो. आणि समोरचा म्हातारा दचकायच्या ऐवजी पियानोवर त्याहून कर्कश काहीतरी आपटतो. एलिंग्टन म्हणजे जुन्या जमान्यातले गुळगुळीत ऑर्केस्ट्रा, अशी समजूत असेल तर ती इथे मोडते. मग लगेच ‘फ्लुरेट आफ्रिकेन’ येतं, आणि तोच मिंगस तारेवर नुसती बोटं थरथरवतो, जेमतेम ऐकू येईल असं. एकाच दिवशी, त्याच तिघांनी. नऊ दिवसांनी एलिंग्टन कोल्ट्रेनबरोबर स्टुडिओत होता, तोही अल्बम सुरेख आहे. पण तिथे सगळे एकमेकांशी आदराने वागतात, आणि मला ‘मनी जंगल’चं भांडण जास्त भावतं.

पुढच्या काळाबद्दल एक नावड मोकळेपणाने सांगते. १९७० च्या दशकात बासला पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारं छोटं यंत्र) लावून थेट टेपवर घ्यायची पद्धत आली, तारा पोलादी झाल्या, ॲक्शन खाली आली. वेगाने वाजवणं सोपं झालं, पण लाकडाचा आवाज गेला आणि रबर ताणल्यासारखा एक स्वर आला. त्या दशकातले कित्येक एरवी चांगले अल्बम मला त्या एका कारणाने सोसत नाहीत. तुम्हाला चालत असेल तर माझं ऐकू नका. अपवाद आहेत, आणि बासवाल्या डेव्ह हॉलंडचा ‘कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स’ हा मोठा अपवाद. नोव्हेंबर १९७२ मध्ये एका दिवसात झालेला. सॅम रिव्हर्स आणि अँथनी ब्रॅक्सटन दोघे सॅक्सोफोन-बासरीवर, बॅरी आल्टशुल ड्रम्सवर, पियानो नाहीच. हॉलंड १९६८ मध्ये लंडनहून माइल्सच्या बँडमध्ये आला आणि ‘बिचेस ब्रू’ या विजेच्या वाद्यांच्या अल्बमच्या काळात तिथे होता; त्या विजेच्या गोंगाटातून बाहेर पडून त्याने हा लाकडी आवाजाचा अल्बम केला. शीर्षक तुकड्याची सुरावट तुम्ही पहिल्या ऐकण्यातच गुणगुणाल. बाकीचं सावकाश उलगडतं.

तुम्ही नवं काय असंही विचारलंत. नवीन मी भरपूर ऐकते, पण पुन्हा पुन्हा लावावंसं वाटतं ते थोडंच. सध्या लिंडा मे हान ओ हिच्या मागे आहे. जन्म मलेशियाचा, वाढली ऑस्ट्रेलियात, आणि आजच्या बासवाल्यांमध्ये इतका स्वच्छ आवाज फार थोड्यांचा. तिला पियानोवाल्या विजय अय्यरच्या त्रिकुटात ऐका, ‘अनईझी’ २०२१ चा आणि ‘कम्पॅशन’ २०२४ चा, दोन्हीत ड्रम्सवर टायशॉन सोरी. अय्यरच्या रचनांमधली लयीची गणितं कठीण असतात, आपल्याकडचे ताल ऐकलेल्या कानाला ती थोडी लवकर उमगतात इतकंच. गणित कितीही बिकट असलं तरी ओ तिची ओळ गाण्यासारखी ठेवते. आधी ‘अनईझी’ ऐका, कारण त्यात ‘नाइट अँड डे’ हे जुनं, ओळखीचं गाणं आहे. चौकट माहीत असली की हे तिघे तिच्याशी काय खेळ करतात ते कळतं. ‘कम्पॅशन’ जास्त शांत आहे आणि त्याचं ध्वनिमुद्रणही.

आणि आता बासवालीने सांगू नये अशी शिफारस: अँब्रोज अकिनमुसिरेचा ‘आउल साँग’, २०२३ च्या डिसेंबरातला. ट्रंपेटवर तो स्वतः, गिटारवर बिल फ्रिझेल, ड्रम्सवर हर्लिन रायली. बास नाही. इतका कमी वाजवलेला, इतका मोकळा अल्बम अलीकडे ऐकलेला नाही. बास नाही म्हणून तळ रिकामा राहील असं वाटलं होतं. तो राहत नाही, कारण रायली न्यू ऑर्लिन्सचा आहे आणि तिथले ड्रमर पायाने बास ड्रमवर अख्खी ओळ बोलतात. त्याचा पाय ऐका, फक्त पाय.

रायली १९८० च्या दशकात पियानोवाल्या अहमद जमालच्या बँडमध्ये होता, म्हणून त्याच्या मागोमाग मी आता जमालकडे आले आहे, आणि तिथून मागे १९५८ च्या ‘ॲट द पर्शिंग’कडे. शिकागोतल्या एका हॉटेलचं लाउंज, ड्रम्सवर न्यू ऑर्लिन्सचाच व्हर्नेल फोर्निए, बासवर इस्राएल क्रॉसबी. जमाल जागा सोडतो म्हणून त्याचं सगळे कौतुक करतात, माइल्सही करायचा. सोडलेल्या त्या जागांमध्ये क्रॉसबी काय भरतो ते कुणी फारसं बोलत नाही. ‘पॉइनसियाना’ लावा आणि पहिल्या मिनिटापासून त्यालाच धरून राहा.